अल्पखर्चात मॅक्रो छायाचित्रण : द्रव्य-ओळखीचे एक उपयुक्त साधन

औषधींचे केवळ नाम व रूप जाणणे म्हणजे औषधज्ञान नव्हे, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात स्पष्ट केले आहे. मात्र नाम व रूप यांच्याच ठिकाणी चूक झाली तर पुढील योगज्ञान निष्फळ ठरते, हेही तितकेच खरे. आज बहुसंख्य वैद्य स्वतः वनस्पती गोळा करीत नाहीत. बाजारातून येणाऱ्या कच्च्या द्रव्यावर त्यांना विसंबावे लागते. अशा वेळी द्रव्याचे सूक्ष्म बाह्यस्वरूप टिपून ठेवण्याची सोपी व कमी खर्चाची पद्धत वैद्यबंधूंना ज्ञात व्हावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आवश्यकता

गुळवेलीचे उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतविकार झालेल्या मुंबईतील काही रुग्णांचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वापरलेल्या वनस्पतीची निश्चित ओळख पटविलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने त्यावर घेतला. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही आपली गुळवेल. टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिच्यासारखी दिसणारी भिन्न जाती. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठीसारखे उंचवटे असतात. गुळवेलीच्या खोडावर फिकट त्वक्छिद्रे असतात, तसे उंचवटे नसतात. गुळवेलीच्या फुलात ६ पाकळ्या असतात, क्रिस्पाच्या फुलात साधारणपणे ३. ही फुले अवघी काही मिलिमीटरची असल्याने पाकळ्या नुसत्या डोळ्यांनी मोजणे कठीण जाते.

या वादाचा निवाडा करणे हा येथील विषय नाही. परंतु रुग्णाने घेतलेल्या काडीचे एक सुस्पष्ट छायाचित्र व तिचा एक तुकडा जपलेला असेल, तर चर्चेला आधार मिळतो. तो नसेल तर दोन्ही पक्षांकडे केवळ मते उरतात.

मॅक्रो म्हणजे काय?

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडणारी प्रतिमा मूळ वस्तूएवढीच असेल, तर तिला एकास एक प्रमाण म्हणतात. काटेकोर अर्थाने मॅक्रो छायाचित्रण येथून सुरू होते. आपल्या कामासाठी याच्या निम्मे प्रमाणही बहुधा पुरेसे असते. खास मॅक्रो लेन्स महाग असली तरी पुढील तीन मार्ग सामान्य वैद्याच्या आवाक्यातील आहेत.

१) मोबाइल : अनेक मोबाइलमध्ये जवळून चित्र घेण्याची सोय असतेच. नसल्यास चिमट्याने बसणारी छोटी मॅक्रो लेन्स काही शेकडा रुपयांत मिळते. वस्तूपासून ठरावीक अंतरावरच ती स्पष्ट दाखवते. म्हणून मोबाइल हळूहळू मागेपुढे करून ते अंतर शोधावे.

२) उलटी लेन्स : लेन्स बदलता येणारा कॅमेरा असल्यास ५० मिमीची जुनी लेन्स स्वस्त रिव्हर्स रिंगने उलटी बसवावी. प्रमाण एकास एकच्या आसपास जाते. ॲपर्चर हाताने फिरविता येणारी जुनी लेन्स येथे अधिक सोयीची. बहुतेक नव्या लेन्सचे छिद्र कॅमेऱ्याकडून नियंत्रित होत असल्याने उलटी लावल्यावर ते सहज बदलता येत नाही.

३) एक्स्टेन्शन ट्यूब : कॅमेरा व लेन्स यांच्यामध्ये बसणारी ही पोकळ नळी होय, तिच्यात काच नसते. नळीची लांबी भागिले लेन्सचे नाभीय अंतर, एवढे प्रमाण वाढते. ५० मिमी लेन्सला २५ मिमीची नळी लावल्यास अर्धे प्रमाण मिळते, ५० मिमीची लावल्यास एकास एक.

पद्धती

चित्राचा दर्जा लेन्सच्या किमतीपेक्षा स्थैर्य व प्रकाश यांवर अधिक अवलंबून असतो.

स्थैर्य : मोबाइल पुस्तकांच्या दोन चळतींवर आडवा ठेवावा व २ सेकंदांचा टायमर लावावा. श्वासाच्या हालचालीनेही चित्र पुसट होते.

प्रकाश : खिडकीतून येणारा, प्रत्यक्ष ऊन नसलेला प्रकाश उत्तम. ऊन असल्यास मध्ये बटर पेपर धरावा. रेषा, गाठी, सुरकुत्या दाखवायच्या असतील तर प्रकाश एका बाजूने तिरपा घ्यावा व दुसऱ्या बाजूस पांढरा कागद उभा करावा.

स्पष्टतेची खोली : एकास एक प्रमाणात एफ/८ ठेवूनही जेमतेम १ मिमी खोलीचा भाग स्पष्ट येतो. म्हणून पाहावयाचा पृष्ठभाग सेन्सरला समांतर ठेवावा. छिद्र फार लहान केल्यास विवर्तनामुळे सर्वच चित्र मऊ होते. एफ/८ ते एफ/११ योग्य.

मापपट्टी : द्रव्याशेजारी, त्याच्याच उंचीवर, मिलिमीटरचा आलेख कागद ठेवावा. पुढे इमेजजे या मोफत संगणक प्रणालीत त्यावरून मोजमाप करता येते. मापाविना घेतलेले चित्र शोभेचे, पुराव्याचे नव्हे.

प्रत्येक द्रव्याची किमान तीन चित्रे घ्यावीत : संपूर्ण द्रव्य, पृष्ठभाग आणि ताजा आडवा छेद. चित्राला नमुना क्रमांक, खरेदीचे ठिकाण व दिनांक द्यावा आणि तोच क्रमांक घालून नमुना बाटलीत जपावा.

प्रारंभ कसा करावा?

प्रथम केशर घ्यावे. कुक्षीचा तंतू टोकाकडे कर्ण्यासारखा रुंद होत जातो व त्याची कडा दातेरी असते. करडईचे पुष्प मात्र बारीक नळीसारखे असून टोकाशी ५ पाळ्यांत विभागलेले दिसते. कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून चित्र घेतल्यास हा भेद लगेच लक्षात येतो. त्यानंतर ओवा व खुरासनी ओवा. ओव्याच्या फळावर उभ्या फिकट कडा व बारीक खरबरीतपणा असतो. खुरासनी ओव्याचे बी चपटे, मूत्रपिंडाकार व जाळीदार पृष्ठाचे असते. खुरासनी ओव्यात हायोसायमिन असल्याने नामसाधर्म्यातून होणारी अदलाबदल घातक ठरू शकते. ही जोडी जमली की गुळवेलीकडे वळावे.

मर्यादा

चूर्ण, सत्त्व व काढ्याचा भरडा यांची ओळख छायाचित्राने होत नाही. तेथे सूक्ष्मदर्शक परीक्षण व भेषजसंहितेतील कसोट्याच हव्यात. तसेच द्रव्य अस्सल ठरले म्हणजे ते प्रत्येक रुग्णास निरापद ठरले, असेही नव्हे. यकृतविकाराच्या रुग्णात अस्सल गुळवेलही विचारपूर्वकच द्यावी लागते.

शंका आल्यास हीच चित्रे व नमुना जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या द्रव्यगुण विभागाकडे पाठवावीत. प्रत्येक वैद्याने आपल्या नित्य वापरातील दहा द्रव्यांचा असा संग्रह केला, तर विक्रेत्याने पुढील खेपेस पाठविलेल्या मालाची मागील मालाशी तुलना करणे शक्य होईल, आणि संशयास्पद द्रव्य रुग्णाच्या हाती पडण्यापूर्वीच बाजूला काढता येईल.