सुनावणीला हजर राहा

ऊर्जा आणि पर्यावरण कायद्यातली वकिली, धोरणाचे काम आणि अध्यापन, या तिन्ही वाटांनी मी फिरले. विद्यार्थी हमखास विचारतात, ‘मॅडम, यात करिअर आहे का?’ आहे. पण उच्च न्यायालयात गाजणाऱ्या याचिका पाहून इकडे येणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे. इथले बरेच निर्णय न्यायालयाच्या कितीतरी आधी, अर्ध्या रिकाम्या सभागृहात होऊन जातात. कायद्याने त्या सभागृहाचे दार उघडे ठेवले आहे, आत जाणारेच कमी. माझे सातही मुद्दे या एका गोष्टीभोवती फिरतात.

1. वीजबिलापासून सुरुवात करा

पहिल्या तासाला मी वीज अधिनियम 2003 उघडत नाही. मुलांना घरचे बिल आणायला सांगते. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. प्रत्येक ओळीमागे कुठला तरी कायदा किंवा आदेश उभा असतो. कोळसा महागला तर त्याचा भार ग्राहकावर कोणत्या नियमाने येतो? वीज शुल्क राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो की राज्य सरकार? एवढे सुटले की कलम 64 आपोआप समजते: दरवाढीच्या प्रस्तावावर लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आयोगाने 120 दिवसांत आदेश द्यायचा असतो. मग मी विचारते, ‘हा दर ठरताना तुमच्या घरातून कोणी हरकत घेतली होती?’ उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते.

2. आकडेमोड दुसऱ्यावर सोपवू नका

दाभोळ वीजप्रकल्पाचा एन्रॉन करार मी दरवर्षी शिकवते. डिसेंबर 1993 चा करार, मुदत 20 वर्षांची. वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे मोजायचे आणि किंमत डॉलरशी बांधलेली. या कराराविरुद्धच्या याचिका न्यायालयात टिकल्या नाहीत. पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेतल्या गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र करारातली कलमे गणितात उतरवून राज्य वीज मंडळावर किती बोजा येईल ते मांडले होते. संत अभियंते होते, वकील नव्हेत. पुढे रुपया घसरला, नाफ्था महागला आणि 2001 मध्ये मंडळाने तिथली वीज घेणेच थांबवले. घटनेच्या कलम 21 वर तासभर बोलणारे वकील पुष्कळ आहेत. वीजखरेदी करारातले दराचे परिशिष्ट वाचू शकणारे थोडे, म्हणून त्यांना मागणी आहे.

3. आधी तारीख मोजा

पर्यावरण मंजुरीला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात आव्हान द्यायचे तर मुदत 30 दिवसांची. सबळ कारण दाखवले तर आणखी 60. त्यानंतर तुमची बाजू कितीही खरी असली तरी अपील दाखल होत नाही. गावात मशीन आले आणि झाडे पडू लागली की लोक वकील शोधतात. तोवर मंजुरीला वर्ष उलटलेले असते. म्हणून केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर आपल्या तालुक्यातले प्रस्ताव पाहत राहण्याची सवय मी ज्युनिअरना लावते. कंटाळवाणे काम आहे, पण अनेक प्रकरणे त्यावरच तरतात किंवा बुडतात.

4. जनसुनावणीत पान क्रमांक सांगा

पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पाची जनसुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवते आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात. सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते, मूल्यांकन अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो आणि कामकाजाचे चित्रीकरण होते. गणपूर्तीची अट नाही आणि मतदानही नाही. त्यामुळे ‘आमचा विरोध आहे’ हे वाक्य शंभर जणांनी म्हटले तरी इतिवृत्तात एका ओळीत मावते. ‘अहवालात अमुक पानावर हा ओढा कोरडा दाखवलाय, आमची पाण्याची योजना त्यावरच चालते’ असे म्हटले की अंतिम अहवालात त्याचे उत्तर द्यावे लागते.

गोव्याच्या मोपा विमानतळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये स्थगित केली ती अशाच कागदावर. अर्जात परिसरातल्या जंगलांची आणि संवेदनशील क्षेत्रांची माहिती नीट दिलेली नव्हती. जानेवारी 2020 मध्ये स्थगिती उठली, विमानतळही झाला. पण जादा अटींसह. या क्षेत्रात जिंकणे बहुधा एवढेच असते, आणि तेही थोडके नाही.

5. ‘हरित’ म्हटले की प्रश्न संपत नाहीत

सौर आणि पवन प्रकल्पांना 2006 च्या अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरी लागत नाही, म्हणून जनसुनावणीही होत नाही. मग गायरान गेले, भाडेकराराची भाषा कळली नाही, वाट अडली, अशा तक्रारी घेऊन शेतकरी महसूल कार्यालयात खेटे घालतो. माळढोक पक्ष्याचे प्रकरण वर्गात घेतले की वर्ग दोन तट पाडून भांडतो. राजस्थान-गुजरातमधल्या अधिवासात वीजवाहिन्या जमिनीखालून न्याव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये दिला. मार्च 2024 मध्ये तो बदलून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या कलम 14 आणि 21 मध्ये मान्य झाला तो याच निकालात. पक्षीही हवा आणि सूर्याची वीजही हवी, तेव्हा पर्यावरणाची बाजू नेमकी कोणती? याचे तयार उत्तर ज्याच्याकडे आहे, त्याने निकाल वाचलेला नसतो.

6. आदेशानंतरचे कागद मागा

औष्णिक केंद्रांच्या धुरासाठी कडक मानके डिसेंबर 2015 मध्ये आली. मुदत दोन वर्षांची होती. ती पुन्हा पुन्हा पुढे गेली आणि जुलै 2025 मध्ये बहुतांश केंद्रांना सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून सूटच मिळाली. राजपत्रात छापलेला नियम म्हणजे निम्मे काम, तेही झाले तर. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाने दर सहा महिन्यांनी अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यायचा असतो, 1 जून आणि 1 डिसेंबरला. तो मिळवा, वाचा, जागेवर जाऊन ताडून पाहा. बातमी त्याची होत नाही, परिणाम होतो.

7. दोन्ही बाजूंचे कागद हाताळा

पोटापाण्याचे स्पष्ट बोलू. ग्रामसभेची फी आणि वीज कंपनीची फी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काही वर्षे कंपनीच्या बाजूने काम केल्यास त्यात कमीपणा नाही. मंजुरीचा अर्ज आतून कसा तयार होतो, हे तिथेच कळते. मात्र कोणाचे काम घेणार नाही, हे पहिल्याच वर्षी ठरवा आणि समोरच्याला सांगून टाका. नंतर ठरवू म्हणणाऱ्यांचे दुसरेच कोणी ठरवते.

विद्यार्थ्यांना आणि वाचकांनाही एक सांगणे. वीजदराची जाहीर सूचना वर्तमानपत्रात आली की कात्रण काढून ठेवा. प्रस्तावाचा सारांश वाचा, एक पानाची हरकत मराठीत लिहा, ती पाठवा आणि सुनावणीला जाऊन बोला. त्यासाठी वकिलीची सनद लागत नाही.