समुद्रस्नानानंतर कुत्र्याची निगा



आपला गोवा समुद्रकाठी वसलेला. येथे माणसांप्रमाणेच त्यांची कुत्रीही समुद्रस्नानाची सोबती असतात. मिरामार, कळंगुट किंवा कोलवा येथे सायंकाळी फेरफटका मारला, तर लाटेवर धावून जाणारे, फेकलेली काठी तोंडात धरून परत आणणारे आणि मग वाळूत मनसोक्त लोळणारे एखादे कुत्रे हमखास दृष्टीस पडते. तो खेळ पाहून आपलेही मन प्रसन्न होते. परंतु काही दिवसांनी तेच जनावर रात्ररात्र अंग खाजवू लागते, पोटावर लाल चट्टे उठतात, कानांस दुर्गंधी येते. मग घरातील मंडळी ‘याला खरूज झाली’ असे म्हणून त्यास प्रथम ओसरीवर, नंतर अंगणात आणि अखेरीस रस्त्यावर घालवितात. असे प्रकार आम्ही एकाहून अधिक घरी पाहिले आहेत. अर्ध्या तासाच्या कामाने टळू शकणाऱ्या विकारापायी एका मुक्या सोबत्याचे घर सुटावे, ही खेदाची गोष्ट होय. म्हणून या विषयाचा थोडा शास्त्रशुद्ध विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

समुद्र मागे काय ठेवतो?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. म्हणजे दहा लिटरांच्या एका बादलीत जवळजवळ साडेतीनशे ग्रॅम! मिठागरात उन्हाने पाणी आटते आणि मीठ खाली राहते, हे तुम्ही पाहिले असेलच. कुत्रे समुद्रातून बाहेर येऊन उन्हात पहुडले, की त्याच्या अंगावर नेमके तेच घडते. पाणी उडून जाते आणि क्षारांचे बारीक कण केसांच्या मुळाशी, त्वचेला चिकटून राहतात.

येथे एक सोपा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. जुन्या सुती कापडाचे दोन सारखे तुकडे घ्यावेत. एक विहिरीच्या पाण्यात व दुसरा समुद्राच्या पाण्यात भिजवून दोन्ही वाळत घालावेत. विहिरीच्या पाण्याचा तुकडा वाळून मऊ व हलका होईल; समुद्राच्या पाण्याचा तुकडा मात्र ताठर आणि खरखरीत होईल. एवढ्यावरच न थांबता दोन्ही तुकडे रात्रभर उघड्यावर ठेवून सकाळी हात लावून पाहावा. खाऱ्या पाण्याचा तुकडा पुन्हा दमट झालेला आढळेल. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते हवेतील बाष्प ओढून घेतात. म्हणूनच खाऱ्या पाण्यात भिजलेले कुत्रे वाळल्यासारखे दिसले तरी खऱ्या अर्थाने वाळत नाही. या ओलाव्यात जीवाणू आणि बुरशी यांना वाढीस चांगले स्थान मिळते.

कुत्र्याच्या त्वचेची रचना

कुत्र्याच्या अंगावर दाट केस असल्यामुळे त्याची कातडी जाड असावी, असा आपला समज होतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. त्याच्या बाह्यत्वचेत, केसाळ भागावर, जिवंत पेशींचे अवघे तीन ते पाच थर असतात; माणसाच्या मानाने ती बरीच पातळ असते. तिचे खरे संरक्षण केस आणि त्वचेतील तैलग्रंथींतून पाझरणारा स्निग्ध द्रव हे दोघे मिळून करतात. हा द्रव केसांवर पसरून त्यांना जणू मेण लावतो व पाणी आत शिरू देत नाही.

सर्व कुत्र्यांचे केस मात्र सारखे नसतात. लॅब्राडोर जातीच्या कुत्र्यांचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावरील कोळ्यांबरोबर थंड समुद्रात काम करीत. त्यांच्या अंगावर वर आखूड, राठ केस आणि आत दाट, मऊ लव असे दोन थर असतात. ही लव लवकर भिजत नाही. पण एकदा भिजली की वाळण्यास फार वेळ घेते. पोमेरेनियनसारख्या लांब केसांच्या कुत्र्यांत मीठ व वाळू यांमुळे केसांच्या गाठी होतात आणि त्या गाठींखाली त्वचा कोंदटते. आपल्या गावठी कुत्र्याचे केस आखूड असल्याने ते चटकन वाळते. परंतु त्याचे पोट व जांघा जवळजवळ उघड्या असल्यामुळे तेथे मीठ व वाळू थेट कातडीस घासतात. तात्पर्य, धोक्याची जागा प्रत्येकाची वेगळी, पण धोका सर्वांनाच आहे.

ओला कुत्रा अंग कसे झाडतो, याचाही शास्त्रज्ञांनी अभ्यास केलेला आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार केसाळ प्राणी अशा झटक्यांनी अंगावरील सुमारे ७० टक्के पाणी काही क्षणांत उडवून देतात. ही निसर्गाची किमया खरीच. परंतु उरलेले पाणी राहते ते केसांच्या मुळाशी, म्हणजे नको तेथेच. तेथून पुढचे काम आपले.

स्नानाची रीत

समुद्रावर जाण्यापूर्वीच केस विंचरून गुंता काढावा; कारण गुंता ओला झाला की अधिकच घट्ट बसतो. अंगावर उघडी जखम असल्यास कुत्र्यास पाण्यात नेऊ नये. पिण्याचे गोडे पाणी बरोबर घ्यावे आणि मधूनमधून पाजावे. तहानेने कुत्रे समुद्राचे पाणी पिते व त्याने उलट्या-जुलाब होतात. फार पाणी पोटात गेल्यास झोकांड्या जाणे, झटके येणे असे प्राणघातक परिणामही होऊ शकतात; अशा वेळी विनाविलंब पशुवैद्य गाठावा. भर दुपारची वाळू तापलेली असते. आपल्या हाताची पालथी बाजू त्या वाळूवर पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल, तर कुत्र्याच्या पंज्यांनाही ती सोसवणार नाही, असे समजावे.

घरी परतल्यावर प्रथम गळपट्टा काढावा, कारण त्याच्या खाली ओलावा व वाळू दडून राहते. नंतर साधे किंवा कोमट गोडे पाणी मानेपासून शेपटीकडे ओतीत जावे आणि दुसऱ्या हाताची बोटे केसांच्या उलट दिशेने फिरवावीत, म्हणजे पाणी मुळापर्यंत पोहोचेल. पोट, काखा, जांघा, शेपटीखालील भाग आणि बोटांमधील बेचक्या या जागा विशेष काळजीने धुवाव्यात. डोळ्यांवरून स्वच्छ पाण्याची हलकी धार सोडावी. खाली पडणाऱ्या पाण्यात वाळू दिसेनाशी झाली की धुणे पुरे झाले.

साबणाची दर वेळी आवश्यकता नाही. वारंवार साबण लावल्याने केसांवरील स्निग्ध द्रव निघून जातो व त्वचा कोरडी पडते. लावायचाच तर कुत्र्यांसाठी मिळणारा शांपू वापरावा. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तर कुत्र्याची त्वचा उदासीनतेच्या जवळ असते; म्हणून आपला शांपू त्यास मानवत नाही. कपड्यांचा साबण तर तीव्र अल्कधर्मी असल्याने कधीही लावू नये.

यानंतर पंचाने दाबून दाबून पाणी टिपावे व वाऱ्याच्या जागी कुत्र्यास वाळू द्यावे. बोट केसांत खुपसून मुळाशी ओल नाही ना, हे पाहावे आणि मगच पुन्हा विंचरावे. उन्हाळा आहे म्हणून दुहेरी केसांच्या कुत्र्याचे अंग भादरू नये; ते केस उन्हापासूनही त्याचे रक्षण करतात.

कान

कुत्र्याची कर्णनलिका प्रथम सरळ खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. या वळणामुळे आत शिरलेले पाणी सहजी बाहेर येत नाही. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांत तर वाराही खेळत नाही. म्हणून मऊ, कोरड्या कापडाने कानाचा दिसणारा भाग टिपावा. काडी, तेल वा घरगुती औषध आत घालू नये. कुत्रे एकसारखे डोके झटकू लागले, कानास वास येऊ लागला किंवा हात लावताच ते कळवळले, तर पशुवैद्यास दाखवावे.

पाहणी आणि गैरसमज

अंग पुसताना दररोज सर्व त्वचा नजरेखालून घालावी. गोचीड व पिसवा असल्या तर तेव्हाच सापडतात. क्वचित एखाद्या ठिकाणी ओलसर, लाल, केस गेलेला चट्टा काही तासांतच पसरतो. चाटल्याने व खाजविल्याने तो वाढत जातो; अशा वेळी चाटू न देता लवकर उपचार करवावा. पावसाळ्याच्या आसपास आपल्या किनाऱ्यावर डांबराचे काळे गोळे वाहून येतात. ते केसांस चिकटल्यास खोबरेल चोळून मऊ करावेत व मग शांपूने धुवावे. रॉकेल मुळीच लावू नये.

खरी खरूज ही सूक्ष्म किड्यांमुळे होते, समुद्रामुळे नव्हे. आणि समुद्राच्या पाण्याने ती बरीही होत नाही. खरुजेवर गाडीचे जळके तेल लावण्याची चाल काही ठिकाणी दिसते, ती तर सर्वस्वी घातक होय. ते तेल कातडी भाजते आणि चाटल्याने पोटात जाऊन विषबाधा करते. खरुजेवर आज चांगली औषधे उपलब्ध आहेत. योग्य उपचार झाले, तर असे कुत्रे पुन्हा धडधाकट होते. त्यास घराबाहेर काढण्याचे कारणच उरत नाही.

समुद्रस्नानाहून आलेल्या मुलांच्या अंगावर विहिरीचे चार तांबे गोडे पाणी ओतल्याखेरीज वडीलधारी माणसे त्यांना उंबरठा ओलांडू देत नसत. जो नियम आपणांस, तोच कुत्र्यास लागू करावयाचा, एवढेच आमचे सांगणे आहे. आपल्याला खाज सुटली तर आपण बोलून दाखवितो. कुत्र्याजवळ बोलण्याचे साधन नाही. त्याचे खाजविणे, चाटणे आणि डोके झटकणे हीच त्याची भाषा. ती समजून घेणे ज्याने त्याला पाळले त्याचे कर्तव्य होय. समुद्रावर त्याच्याबरोबर एक तास खेळावे, आणि घरी आल्यावर अर्धा तास त्याच्यासाठी द्यावा.