जर-तरचा हिशेब
(द्वितीय वर्ष, कला)

'जर-तरच्या गोष्टी करू नयेत', असे वडीलधारी माणसे सांगतात. व्यवहारात ते खरे असेल; परंतु इंग्रजीच्या अभ्यासात जर-तर टाळून भागत नाही. नेमणुकीचे पत्र, भाडेकरार, विम्याचा कागद, परीक्षेचे नियम ही सारी अटींनी बांधलेली असतात. आळंदीहून चाकण-भोसरीच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांच्या घरी असे कागद येतात आणि ते वाचण्याचे काम कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींवर येऊन पडते. म्हणून हा लेखनप्रपंच.

अट सांगण्याची रीत आपल्याला नवीन नाही. शाळेत आपण क्रियापदाचे चार अर्थ शिकलो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. यांतला संकेतार्थ म्हणजेच जर-तर. शके 1212 मधील ज्ञानेश्वरीत 'जर' या अर्थी 'जरी' आणि 'तर' या अर्थी 'तरी' वाचायला मिळते. म्हणजे अट आपल्याला समजते. अडचण आहे ती मराठीचा साचा इंग्रजीवर बसविण्यात. तो कोठे बसतो आणि कोठे बसत नाही, एवढेच येथे पाहू.

पहिली गोष्ट काळाची. 'उद्या पाऊस आला तर इंद्रायणीचे पाणी वाढेल', असे आपण म्हणतो. पाऊस उद्याचा, पण क्रियापद 'आला', म्हणजे रूप भूतकाळाचे! इंग्रजीत येथे साधा वर्तमानकाळ लागतो: 'इफ इट रेन्स टुमॉरो, द रिव्हर विल राइज'. पाऊस उद्याचा म्हणून आपल्यापैकी पुष्कळजण 'इफ इट विल रेन' लिहितात आणि तेथे गुण जातात. साध्या भविष्यकाळाचे 'विल' तरच्या बाजूला ठेवावे, जरच्या बाजूला नको.

दुसरी गोष्ट कल्पनेची. 'मला माहीत असते तर मी सांगितले असते.' हे वाक्य आजचे की कालचे? मराठीत दोन्ही होऊ शकते, संदर्भावरून ओळखायचे. इंग्रजीत मात्र दोन वेगळी वाक्ये करावी लागतात. आज माहीत नाही म्हणून सांगत नाही, असे असेल तर 'इफ आय न्यू, आय वुड टेल यू'. काल माहीत नव्हते म्हणून सांगितले नाही, असे असेल तर 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव टोल्ड यू'. पहिल्यात 'न्यू' हे रूप भूतकाळाचे असून गोष्ट आजची आहे, याचे नवल वाटू नये. 'उद्या पाऊस आला तर' म्हणणाऱ्यांना रूप आणि काळ यांतला हा फरक जन्मापासून ठाऊक आहे.

याच ठिकाणी दुसरी चूक होते. मराठीत 'असता, असते' दोन्ही बाजूंना येतात: 'तू लवकर आला असतास तर तुला बस मिळाली असती.' त्याच चालीवर आपण 'वुड हॅव' दोन्हीकडे लावतो. लेखी इंग्रजीत ते चालत नाही. जरच्या बाजूला 'हॅड', तरच्या बाजूला 'वुड हॅव': 'इफ यू हॅड कम अर्लिअर, यू वुड हॅव कॉट द बस'.

तिसरी गोष्ट 'अनलेस'ची. या शब्दाच्या पोटात 'नाही' आधीच आहे. 'अनलेस यू स्टडी, यू विल फेल' म्हणजे अभ्यास केला नाहीस तर नापास होशील. त्यात आणखी 'डोन्ट' घातले की अर्थ होतो, अभ्यास केलास तर नापास होशील!

चौथी गोष्ट मी पुस्तकातून शिकले नाही. मराठीत 'जर' गाळला तरी चालतो, 'तर' राहतो. इंग्रजीत उलट, 'देन' बहुधा गाळतात, 'इफ' राहतो. म्हणून 'इफ' दिसला नाही की अट नाही, असे मी धरून चालले होते. माझ्या थोरल्या भावाला एका कारखान्याचे नेमणुकीचे पत्र आले. त्यात वाक्य होते: 'शुड यू फेल टु सबमिट द सर्टिफिकेट विदिन सेव्हन डेज, धिस ऑफर विल स्टँड विथड्रॉन.' 'शुड' म्हणजे 'पाहिजे', एवढेच मला येत होते. 'सात दिवसांत दाखला द्यायला पाहिजे, असे लिहिले आहे', मी सांगितले. पुढचे शब्द मला औपचारिक वाटले. दाखला हाती येण्यास वेळ लागला. दोन-तीन दिवस इकडेतिकडे झाले तर काय बिघडते, असे दादाला वाटले. दहाव्या दिवशी तो गेला, तेव्हा त्या जागेवर दुसरा माणूस रुजू झालेला होता.

नंतर मॅडमनी मला समजावून सांगितले, की 'इफ' गाळून 'शुड' वाक्याच्या आरंभी आणला की तीच अट होते. खरे तर आपल्याकडेही हीच रीत आहे. 'दाखला मुदतीत सादर न केल्यास नेमणूक रद्द समजण्यात येईल', अशी सूचना मराठीत असती, तर त्यात जर नाही, तरही नाही. पण 'न केल्यास' हे शब्द वाचून माझी आईसुद्धा सावध झाली असती. 'इफ आय हॅड नोन' याऐवजी 'हॅड आय नोन' असे लिहितात, तेही याच जातीचे.

माझ्या वर्गबंधूंना व भगिनींना माझी एकच विनंती आहे. घरी इंग्रजी कागद आला तर 'इफ', 'अनलेस', 'प्रोव्हायडेड' आणि वाक्यारंभीचे 'शुड' यांच्याखाली आधी पेन्सिलीने रेघ ओढा. मग प्रत्येक रेघेपाशी 'असे न केल्यास काय होईल?' हा प्रश्न मराठीत विचारा. उत्तर मिळेपर्यंत कागद घडी करून ठेवू नका आणि उत्तर येत नसेल तर विचारायला लाजू नका.

दादा मला एका शब्दानेही बोलला नाही. मी मात्र वहीत एक वाक्य लिहून ठेवले आहे: 'इफ आय हॅड आस्क्ड समवन, ही वुड हॅव गॉट द जॉब.' 'हॅड' आणि 'वुड हॅव' दोन्ही आपापल्या जागी आहेत. वाक्य बरोबर आहे, असे मॅडमनीही सांगितले.