ऋण आणि नाते : ‘स्पिनिंग सिल्व्हर’चे एक वाचन

ग्रिम बंधूंच्या ‘रम्पेलश्टिल्टस्किन’ या कथेत गवताचे सोने करून देणाऱ्या बुटक्याचे देणे बुडते, आणि वाचकाला त्याचा आनंदच होतो. नाओमी नोविक यांची ‘स्पिनिंग सिल्व्हर’ (२०१८) ही कादंबरी त्याच देण्याकडे धनकोच्या बाजूने पाहते. मिर्येम ही ज्यू सावकाराची मुलगी. वडिलांना वसुली जमत नाही, आई आजारी पडते; तेव्हा ती स्वतः दारोदार जाते. मद्यपी गोरेकचे कर्ज फेडण्यासाठी त्याची मुलगी वांडा तिच्या घरी राबू लागते. जगाच्या दृष्टीने ही वेठ; वांडाला मात्र ती बापाच्या मारापासून सुटका वाटते. तेथे शिकलेला हिशेब तिला मंत्रविद्येसारखा भासतो.

कादंबरीतील गडद अंधार हिमराजाच्या राज्याइतकाच या घरातही आहे. वांडा आणि तिचे भाऊ आरंभी परस्परांना परकेच असतात. संकटात ती एकमेकांची होतात आणि अखेरीस मिर्येमच्या आईवडिलांच्या कुटुंबात सामावतात. येथे निष्ठा रक्ताबरोबर आपोआप येत नाही. ती कष्टाने आणि दिल्या शब्दाने कमवावी लागते. ज्या घरी वांडा ऋण फेडण्यास आली, तेथेच तिला हिशेबापलीकडचे नाते लाभते, हे या पुनर्कथनाचे मर्म होय.