‘हिम’ लिहिताना जपून

कारखान्याच्या एचआर विभागात अपघातांचे अहवाल माझ्या टेबलावरून जायचे. एका रात्रपाळीच्या अहवालात सुपरवायझरने लिहिलं होतं, ‘द ऑपरेटर स्लिप्ड नियर द हेल्पर अँड हर्ट हिम.’ ऑपरेटर घसरला आणि त्याला लागलं, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण इंग्रजीत इथे ‘हिम’ म्हटलं की तो दुसराच माणूस. मुख्य कार्यालयाने अर्थ घेतला की ऑपरेटरमुळे हेल्पर जखमी झाला. ज्याच्या मनगटाला प्लास्टर, त्यालाच कारणे दाखवा नोटीस! पुढे ती मागे घेतली गेली, पण तोवर त्या माणसाने जो मनस्ताप सोसला तो मी जवळून पाहिला आहे. ‘हर्ट हिमसेल्फ’ असं लिहिलं असतं, तर यातलं काहीच घडलं नसतं.

आपली माणसं इथे का अडखळतात? कारण मराठीत हे काम पुष्कळदा क्रियापदच उरकतं. ‘चाकूने कापून घेतलं’, ‘भाजून घेतलं’, ‘पायाला लागवून घेतलं’ म्हटलं की त्या ‘घेतलं’मध्येच सगळं आलं, ‘स्वतःला’ म्हणायची गरज पडत नाही. इंग्रजी क्रियापदाला ही सोय नाही. तिथे ‘शी कट हरसेल्फ’ असं स्पष्ट लिहावं लागतं. शिवाय आपलं ‘स्वतः’ सगळ्यांना चालतं, इंग्रजीत मात्र कर्त्याप्रमाणे रूप बदलतं. एकाला ‘युवरसेल्फ’, अनेकांना ‘युवरसेल्व्ज’. ‘हिजसेल्फ’ आणि ‘देअरसेल्व्ज’ प्रमाण इंग्रजीत चालत नाहीत. ‘हिमसेल्फ’ आणि ‘देमसेल्व्ज’च लिहा.

चौकशीच्या कागदात आणखी एक जागा फार नाजूक असते. ‘दे ब्लेम्ड देमसेल्व्ज’ म्हणजे त्यांनी दोष स्वतःकडे घेतला. ‘दे ब्लेम्ड ईच अदर’ म्हणजे एकमेकांवर ढकलला. जबाब नोंदवताना ही गल्लत झाली, तर कबुली नसताना कबुली लिहिली जाते.

‘द मॅनेजर हिमसेल्फ चेक्ड द मशीन’ म्हणजे मॅनेजरने जातीने मशीन तपासलं. इथे ‘हिमसेल्फ’ गाळलं तर जोर जातो, पण वाक्य उभं राहतं. ‘ही वॉज वर्किंग बाय हिमसेल्फ’ म्हणजे मात्र तो एकटाच कामावर होता. अपघाताच्या अहवालात हे ‘बाय’ विसरू नका, सोबतीला कोणी होतं की नाही हे त्यावरूनच कळतं.

मुलाखतीला येणारी मुलं ‘मायसेल्फ सुनील’ अशी सुरुवात करतात. नम्रपणा म्हणूनच करत असतील, पण ‘मायसेल्फ’ला कर्त्याच्या जागी एकट्याने बसता येत नाही. ‘आय ॲम सुनील’ म्हणा, त्यात उद्धटपणा काही नाही.

अहवालावर सही करण्याआधी प्रत्येक ‘हिम’वर बोट ठेवा आणि हा नेमका कोण, ते विचारा. शंका उरलीच, तर सर्वनाम खोडून सरळ माणसाचं नाव लिहा.