चिकट डागांचे इंजिनिअरिंग

आपण सर्किट सोडवतो, बीम डिझाइन करतो, पण रूमच्या टेबलावर सांडलेला चहा आठवडाभर तसाच असतो! मग मुंग्या येतात, वही चिकटते आणि दोष मात्र पार्टनरला. मी मूळचा धुळ्याचा, शिकायला जळगावला. दोन्हीकडे शेवभाजीची तर्री सारखीच लाल आणि तिचा डाग सारखाच हट्टी. म्हणून या वर्षी कवितेऐवजी हा अभ्यासलेख.

डाग काढायचा म्हणजे घासायचा, असा आपला समज. पण १९५९ साली हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने स्वच्छतेचे चार घटक मांडले: रसायन, घासणे, तापमान आणि वेळ. एक कमी केला तर दुसरा वाढवावा लागतो. आपण नेमका ‘वेळ’ विसरतो. डाग दहा मिनिटे भिजू दिला तर निम्मी मेहनत वाचते. आता डाग ओळखू.

१) साखर-गुळाचा डाग : चहा, जिलेबीचा पाक, आमरस. साखर पाण्यात विरघळते, त्यामुळे साबणाची गरजच नाही. गरम पाण्यात पिळलेले फडके पाच मिनिटे डागावर ठेवा, मग पुसा. कोरडे खरवडाल तर सनमायकावर ओरखडे पडतील.

२) पीठ, दूध, अंडे : बट्टीची कणीक किंवा ऑम्लेट सांडले तर उकळते पाणी टाकू नका. उष्णतेने अंड्यातले प्रथिन घट्ट होते, पिठातल्या स्टार्चची खळ होते आणि दोन्ही जास्तच चिकटतात. आधी गार पाण्यात भिजवा, नंतर कोमट पाणी आणि साबण.

३) ताजे तेल : भरीत, शेवभाजी, फोडणी. इथे भांड्यांचा लिक्विड साबण. त्याच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते. त्यातल्या कॅल्शियममुळे साध्या साबणाचा फेस होत नाही, उलट पांढरा चिकट साका बसतो. डिटर्जंटला हा त्रास कमी.

मात्र हळदीच्या डागावर साबण लावला की तो लालसर होतो. घाबरू नका! हळदीतले करक्युमिन अल्कलीत लाल होते, लॅबमधल्या इंडिकेटरसारखेच. पाण्याने धुतले की पुन्हा पिवळे. नंतर ती वस्तू उन्हात ठेवा. ऊन करक्युमिनचा रंग उडवते, आणि खान्देशात उन्हाची काय कमी?

४) जुने तेल : मेसच्या एक्झॉस्ट फॅनवरचा तो पिवळा, मेचकट थर. हे आता तेल राहिलेलेच नाही. हवेतल्या ऑक्सिजनने तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन पॉलिमर तयार झाला. जवसाच्या तेलाचा ऑइलपेंट वाळतो, तीच ही क्रिया. सोयाबीन तेलात ती शेंगदाणा तेलापेक्षा सहसा लवकर होते. यावर उपाय धुण्याचा सोडा: एक लिटर गरम पाण्यात दोन चमचे. दहा-पंधरा मिनिटे भिजवा, मग ब्रश. अॅल्युमिनियमच्या पातेल्याला किंवा पात्यांना सोडा लावू नका, धातू खाल्ला जातो. आणि फॅनचे बटण नव्हे, मेन स्विच बंद करूनच काम करा.

५) केळीचा चीक : हा आपला खास. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण रावेर-यावलकडे घड कापणाऱ्यांचे कपडे पाहिले की मानाबरोबर डागही दिसतात. ताजा चीक जवळजवळ बिनरंगी असतो. त्यातल्या पॉलिफिनॉल द्रव्यांना हवा लागली की ती तपकिरी होऊन सुताला घट्ट धरतात. म्हणून कच्ची केळी चिरण्याआधी हाताला आणि विळीला तेल लावायचे. ओट्यावर चीक पडलाच तर आधी तेलाच्या बोळ्याने, मग साबणाने लगेच पुसा. कपड्यावरचा जुना डाग मात्र बहुधा पूर्ण जात नाही.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. पहिली: ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रावण आणि संडास साफ करण्याचे अॅसिड कधीही एकत्र करू नका. क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो फुफ्फुसे जाळतो. दुसरी: गॅसजवळ पेट्रोल-थिनरने डाग काढू नका. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ज्योतीलाही पेट घेते.

आणखी एक. लिंबू-व्हिनेगर सगळीकडे चालत नाही. कडप्पा आणि शहाबादी फरशी म्हणजे चुनखडकच. आम्लाने पॉलिश जाते आणि मग खडबडीत जागी डाग जास्तच मुरतो.

‘काय भो, एवढं कोण करतं?’ असे तुम्ही म्हणाल. करतात मेसच्या मावशी, रोज, आपल्या सगळ्यांच्या ताटांसाठी. त्या सोड्याच्या पाण्याने त्यांच्या हाताची साले निघतात. अल्कली कातडीचे तेलही काढते, तिला डाग आणि हात यातला फरक कळत नाही. म्हणून माझी मेस कमिटीला विनंती आहे: वर्गणीतून रबरी हातमोज्यांचे जोड घ्यावेत आणि फाटले की बदलावेत. आपण एवढेच करू: जेवण झाल्यावर उष्टे काढून ताट पाण्यात बुडवून ठेवू. वाळलेल्या वरणाला जी दहा मिनिटे घासावे लागते, ती दहा सेकंदांत वाचतात.