करारनामा वाचण्यापुरते इंग्रजी

अकोला-अमरावतीकडून आखातात निघालेल्या वेल्डर, सुतार, शिंपी बांधवांच्या हाती कसब असते. पण करारनामा इंग्रजीत असतो. न वाचता सही केली की नुकसान तेथेच होते. म्हणून आम्ही म्हणतो, सहीपूर्वी निदान चार शब्द ओळखावेत.

'बेसिक सॅलरी' म्हणजे मूळ पगार. 'अलाउन्स' म्हणजे भत्ता. एजंट दोन्हींची बेरीज सांगतो, तेव्हा आकडा मोठा दिसतो. पण संयुक्त अरब अमिरातीत नोकरी संपल्यावरची ग्रॅच्युइटी मूळ पगारावरच मोजतात. 'ओव्हरटाइम' म्हणजे जादा तासांचा मोबदला. 'प्रोबेशन' म्हणजे उमेदवारीचा काळ; अमिरातीत तो सहा महिन्यांहून जास्त ठेवता येत नाही.

शिकावे कोठे? बीबीसीचे 'लर्निंग इंग्लिश' आणि अमेरिकेत आलेल्या प्रौढ स्थलांतरितांसाठी काढलेले 'यूएसए लर्न्स' ही दोन्ही संकेतस्थळे मोबाईलवर चालतात; त्यांपैकी बीबीसीचे मोफत आहे. दुकान बंद झाल्यावर रोज अर्धा तास द्यावा. नवा शब्द वहीत अर्थासह लिहून मोठ्याने म्हणावा.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा 'ईसीआर' शेरा असतो. त्यांना आखातात नोकरीस जाण्यापूर्वी सरकारी परवानगी लागते. एजंट नोंदणीकृत आहे का, हे 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर पाहावे. त्याची फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त देऊ नये आणि पावती घेतल्याशिवाय पैसा मोजू नये. कराराची एक प्रत घरी ठेवूनच निघावे.